साभार परत

गोष्ट किंवा कादंबरी लिहायची इच्छा असणाऱ्यांना सल्ले देणारा मजकूर हल्ली इतका झाला आहे की, तो वाचण्यातच लिहिण्याचा सगळा वेळ निघून जावा. पहिलं वाक्य कसं असावं, पात्रं कशी उभी करावीत, प्रकाशकाला पत्र कसं लिहावं... सगळं मिळतं. त्यातलं बरंचसं इंग्रजीतून आलेलं असतं आणि तिकडच्या व्यवहारावर बेतलेलं असतं. आधी एजंट गाठा, मग एजंट प्रकाशक गाठेल, वगैरे. मराठीत एजंट नावाचा प्राणी मी तरी अजून पाहिलेला नाही. आपल्याकडे माणसं गोष्ट लिहायला आणि छापायला कशी शिकली याचा इतिहास निराळाच आहे, आणि नव्याने लिहू पाहणाऱ्याला तो इतिहास या सल्ल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं. आज बसलेच आहे तर सविस्तर लिहिते. (चहा घेऊन बसा, लांबणार आहे.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कंटाळलात तरी हरकत नाही. मराठीत गोष्ट कुठे छापली जाते यावर ती कशी लिहिली जाते हे बऱ्याच अंशी ठरत आलं आहे. साप्ताहिकाने एक प्रकारची कादंबरी घडवली, मासिकाने कथा घडवली, दिवाळी अंकाने आणखी काही. आणि या प्रत्येक जागी छपाईच्या आधी कुणीतरी एक चिकट, खडूस वाचक बसलेला होता. आज छापणं कधी नव्हे इतकं सोपं झालं आहे, पण तो वाचक मात्र जागेवरून उठून गेला आहे. लिहिणाऱ्याने आधी त्याला शोधावं. छापखाना नंतर.

आता सुरुवातीपासून.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चं नाव घेतलं जातं. साल १८५७. यमुना नावाची मुलगी नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते. पदमनजी ख्रिस्ती झालेले, त्यांना समाजाला काही सांगायचं होतं, आणि ते त्यांनी सांगितलं. त्यानंतर चार वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. ती अद्भुत वळणाची. संकटं, वियोग, योगायोग, आणि शेवटी सगळं गोड. पुढची पंचवीसेक वर्षं मराठी वाचकाला मुख्यतः अशाच कादंबऱ्या मिळत होत्या.

आणि मग १८९० साली आणखी एक यमुना आली. हरि नारायण आपट्यांची. 'पण लक्षांत कोण घेतो?' मधली यमू.

या दोन यमुना शेजारी शेजारी ठेवून पाहा असं मी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगते. विषय जवळजवळ एकच आहे, बाईचे हाल. मध्ये तेहेतीस वर्षं गेली आहेत. पहिली यमुना हाल बघते आणि लेखक आपल्याला समजावतो. दुसरी यमू स्वतःच बोलते. लहानपणी भावाशी झालेली भांडणंही सांगते, सासरचे बारीकसारीक प्रसंग सांगते, सांगता सांगता भरकटते, पुन्हा मूळ गोष्टीवर येते. माजघरात बसून एखादी बाई बोलेल तसं ते सगळं आहे. तिच्यावर शेवटी जे ओढवतं ते आपल्याला लागतं, कारण तोपर्यंत ती आपल्या ओळखीची झालेली असते. त्याच सुमारास, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि त्यावरून पुण्यात रणं माजली. सभा, अग्रलेख, सह्यांचे कागद. त्या सगळ्या वादात कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध भरपूर लिहिलं गेलं, पण ते आज अभ्यासकांखेरीज कोण वाचतो? यमू मात्र वाचली जाते. कथनाचा आवाज कुणाचा, एवढा एकच निर्णय लेखकाने बदलला तर काय होतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण हे हरिभाऊंना कसं साधलं? प्रतिभा होती हे झालंच. त्याखेरीज एक साधी व्यवहाराची गोष्ट होती. त्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं आणि ही कादंबरी त्यात हप्त्याहप्त्याने आली. पुस्तक झालं १८९३ साली. साप्ताहिक म्हणजे दर आठवड्याला मजकूर हवा. अंक घराघरांत जाणार, बायकामुलं वाचणार किंवा कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणजे भाषा बोलीच्या जवळची हवी. पुढच्या अंकापर्यंत वाचकाला धरून ठेवायचं, म्हणजे प्रकरण कुठे थांबवायचं याचं भान हवं. हे सगळं त्यांना त्या साप्ताहिकाने शिकवलं. त्याची किंमतही घेतली. हरिभाऊंच्या कादंबऱ्या पाल्हाळिक आहेत ही तक्रार जुनीच आहे आणि ती खरी आहे. काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. हप्त्याने लिहिणाऱ्याचे गुण आणि दोष दोन्ही त्यांच्यात ठळक दिसतात.

आणखी एक. हरिभाऊ पोटासाठी कादंबऱ्या लिहीत नव्हते. पुण्याच्या आनंदाश्रमाचा कारभार ते पाहत, नगरपालिकेच्या कामात होते, पुढे तिथले अध्यक्षही झाले. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. १९१९ मध्ये गेले तेव्हा वयाची पंचावन्न वर्षंही पुरी झालेली नव्हती. एवढ्यात वीसएक कादंबऱ्या! "नोकरीमुळे लिहायला वेळ मिळत नाही" असं म्हणणाऱ्या माझ्या समस्त मित्रमैत्रिणींनी (आणि मीही) हे लक्षात ठेवायला हरकत नाही. त्यांना वेळ मिळत होता असं नव्हे, अंकाची तारीख त्यांना सोडत नव्हती. ज्याला लिहायचं आहे त्याने स्वतःला अशी एखादी तारीख लावून घ्यावी. दर रविवारी चार पानं कुणाला तरी वाचून दाखवायची, एवढीही पुरते.

साप्ताहिकानंतर मासिकं. मासिकातून क्रमशः कादंबरी हा प्रकार तसा आधीपासून होता. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' ही कादंबरी १८७१ मध्ये 'विविधज्ञानविस्तार'मधूनच आली. पण महिनाभराने पुढचा हप्ता येणार म्हटल्यावर वाचक मागचं विसरतो. मग एका अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपणाऱ्या गोष्टीची गरज पडली. तिला तेव्हा नावही होतं, 'संपूर्ण गोष्ट'. किती साधं आणि नेमकं नाव! आपण ज्याला आज लघुकथा म्हणतो तिचा मराठीतला जन्म असा थोडा छपाईच्या सोयीतून झालेला आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये सुरू केलेल्या 'मनोरंजन' मासिकाने या संपूर्ण गोष्टींना मोठी जागा दिली. वि. सी. गुर्जरांसारखे लेखक त्यावर नावारूपाला आले. १९०९ साली याच 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेली एक प्रथाच पडली. दिवाळीत फराळाबरोबर कथा वाचायची ही आपली सवय त्या अंकापासूनची.

संपूर्ण गोष्ट हे नाव नव्या लेखकाने भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. कारण नवशिक्यांच्या बहुतेक कथा लहान असतात, पण संपूर्ण नसतात. कादंबरीचं पहिलं प्रकरण असावं तशी सुरुवात, मग घाईघाईत शेवट. अंकाची पानं मोजकी आहेत आणि पुढचा अंक नाही, हे मनाशी धरून लिहिलं की काय टाकायचं आणि काय गाळायचं ते आपोआप सुचायला लागतं. १९२३ साली दिवाकर कृष्णांचा 'समाधि व इतर सहा गोष्टी' हा संग्रह आला. सातच गोष्टी, पण मराठी कथेच्या इतिहासात त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. संख्येची काळजी करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

इथवर लिहिणारे लिहीत होते, लिहायचं कसं हे मात्र कुणी पद्धतशीर सांगितलेलं नव्हतं. ते काम केलं ना. सी. फडक्यांनी. १९३१ साली त्यांचं 'प्रतिभासाधन' आलं. कथानक, पात्रं, वातावरण, सुरुवात, शेवट, संघर्ष, गुंतागुंत, उकल. गोष्टीचे सगळे भाग सुटे करून दाखवलेले. आज इंटरनेटवर जे काही मिळतं त्यातलं निम्मं या पुस्तकात होतं म्हणा ना! फडके कोल्हापूरला राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत, त्यामुळे मांडणी स्वच्छ. प्रतिभा ही देवाची देणगी असेल, पण तिची साधना करता येते, तंत्र शिकता येतं, हा त्यांचा मुद्दा. त्या काळात तो धाडसाचाच होता. सोवळ्यातल्या सरस्वतीला त्यांनी कामाच्या ओट्यावर आणून बसवलं.

त्यावर वाद झाला नसता तरच नवल. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा आपल्या आईवडिलांच्या पिढीने शाळेपासून ऐकलेला वाद. फडके एका बाजूला, वि. स. खांडेकर दुसऱ्या बाजूला. खांडेकर १९२० पासून अठरा वर्षं शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते, खेड्यातलं दारिद्र्य रोज बघत होते. त्यांना नुसती रेखीव गोष्ट पुरेशी वाटणं शक्यच नव्हतं. गंमत अशी की या वादात दोघेही भरपूर खपले आणि गावोगावच्या वाचनालयांत दोघांच्याही पुस्तकांची पानं सुटेपर्यंत वाचली गेली. आमच्या घरी आजी फडक्यांची आणि आजोबा खांडेकरांचे. (त्यावरून खरंच भांडणं होत असत. वडील मंडळी याला दुजोरा देतील.)

मला विचाराल तर 'प्रतिभासाधन'सारखं पुस्तक एकदा जरूर वाचावं आणि मग कपाटात ठेवून द्यावं. तंत्राचा उपयोग लिहून झाल्यावर असतो. गोष्ट कुठे अडली आहे, का अडली आहे, हे शोधताना ते हत्यार कामाला येतं. लिहिण्याआधीच ते हातात घेतलं की सगळ्या गोष्टी एकाच साच्यातून निघाल्यासारख्या होतात. फडक्यांच्या अनुकरणातून आलेल्या शेकडो गुळगुळीत कथा त्या काळच्या मासिकांत पडून आहेत. त्यांत चूक अशी काही नाही, म्हणूनच त्या कुणाला आठवत नाहीत.

साच्याबाहेरचं लिहायला काय लागतं त्याचं उदाहरण याच काळातलं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या किंवा लग्नात कोंडमारा झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात इतकं उघड होतं की एकच गदारोळ उठला. ही विभावरी कोण, यावर तर्ककुतर्क झाले. ते टोपणनाव होतं. खरं नाव बाळूताई खरे, नंतरच्या मालतीबाई बेडेकर. पुस्तक छापण्याची हिंमत ह. वि. मोटे यांनी केली. प्रकाशक म्हणजे छपाईचे पैसे घालणारा माणूस एवढाच अर्थ आज आपल्या डोक्यात असतो. मोट्यांनी पैसे घातलेच, पण लेखिकेवर येणारं वादळही काही काळ अंगावर घेतलं. प्रकाशक शब्दाचा खरा अर्थ मला तिथे दिसतो.

आणि मग 'सत्यकथा'. हे नाव घेतल्यावर साठीच्या पुढची मंडळी जरा सावरून बसतात. १९३३ साली सुरू झालेलं हे मासिक श्री. पु. भागवतांच्या आणि पुढे राम पटवर्धनांच्या हाताखाली मराठी कथेचं केंद्रच होऊन बसलं. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर, पु. भा. भावे ही नवकथेची माणसं. बडोद्याहून निघणाऱ्या पु. आ. चित्रे यांच्या 'अभिरुचि'नेही या नव्या लिखाणाला हात दिला. म्हणजे मराठी साहित्य पुण्या-मुंबईतच घडतं हे तेव्हाही खरं नव्हतं. जी. ए. कुलकर्णी तर धारवाडला बसून लिहीत. सभासमारंभांत नाहीत, मुलाखतीत नाहीत. 'निळासावळा' हा त्यांचा पहिला संग्रह १९५९चा. धारवाडहून गोष्ट पोस्टात टाकायची आणि पत्रांतून बोलायचं, एवढ्यावर त्यांचं भागलं. 'ओळखीशिवाय कुणी छापत नाही' असं म्हणणाऱ्यांना मी जी. एं.चा पत्ता सांगते.

'सत्यकथा'ची खरी ख्याती मात्र तिथल्या संपादनाची. कथा आली की ती बारकाईने वाचली जाई. पसंत पडली तरी लेखकाला पत्र जाई, हा भाग पुन्हा पाहा, इथे सूर सुटला आहे. लेखक पुन्हा लिही, पुन्हा पाठवी. या पत्रांच्या आठवणी कितीतरी लेखकांनी लिहून ठेवल्या आहेत. ज्यांना पत्र आलं नाही त्यांच्याकडे 'साभार परत' येई. हे दोन शब्द मराठी लेखकाच्या दोन पिढ्यांच्या कपाळी लिहिलेले होते.

आमच्या घरातही त्यातले काही होते. आमचे अण्णाकाका एस.टी.त कारकून होते आणि रात्री जेवणानंतर कंदील, पुढे बल्ब, घेऊन गोष्टी लिहीत. मुंबईच्या एका मासिकाला पाठवीत आणि पाकीट परत येई. छापील चिठ्ठी, खाली तारीख. काकांनी त्या सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. मी एकदा त्या डब्यातल्या मोजल्या, एकतीस भरल्या. तिसाच्या तिसांवर छापील मजकुराखेरीज अक्षर नाही. एकावर मात्र निळ्या शाईने कुणीतरी दोन ओळी लिहिल्या होत्या. तुमची गोष्ट तिसऱ्या पानावर सुरू होते, पहिली दोन पानं कशासाठी आहेत, अशा अर्थाच्या. सहीसुद्धा नाही. काकांनी ती दोन पानं काढली, गोष्ट पुन्हा लिहून काढली आणि दुसऱ्या एका दिवाळी अंकाला दिली. ती छापून आली. त्यांच्या हयातीत छापून आलेली ती एकच गोष्ट. पण त्यांना विचारलं की ते छापील अंक दाखवत नसत, ती चिठ्ठी दाखवत. "हा माणूस माझं वाचून गेला," म्हणत.

मला वाटतं लिहिणाऱ्याला मूळात हवं असतं ते एवढंच. कुणीतरी नीट वाचावं आणि खरं सांगावं.

अर्थात त्या खडूस वाचकाच्या आवडीनिवडी असतात, आणि त्याच्या दाराबाहेर कोण राहतं तेही पाहिलं पाहिजे. नाहीतर हे नुसतं स्मरणरंजन होईल. प्रस्थापित मासिकांची अभिरुची एका विशिष्ट वर्गाची होती आणि ज्यांचं जगणं त्या अभिरुचीत बसत नव्हतं त्यांनी आपली दारं स्वतः काढली. १९५० आणि ६०च्या दशकांत अनियतकालिकं निघाली. सायक्लोस्टाइल केलेली, कधी बंद पडतील याचा नेम नसलेली. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, अशोक शहाणे, भालचंद्र नेमाडे ही सगळी मंडळी तिथली. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथा'चा अंक जाळून निषेध केला, इथवर गोष्ट गेली. अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' १९५९ची, बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा संग्रह १९६३चा. पुढे गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) 'अस्मितादर्श' चालवलं आणि दलित लेखकांच्या कितीतरी पहिल्या लिखाणाला तिथे जागा मिळाली. तिथेही संपादक होता, वाचक होता. फक्त तो वेगळ्या कानांनी ऐकत होता.

नेमाड्यांची 'कोसला'ही १९६३चीच. लेखक पंचविशीतला, मांडणी कुठल्याच पाठ्यपुस्तकात न बसणारी, आणि छापणारे रा. ज. देशमुख, म्हणजे चांगले नावाजलेले प्रकाशक. फडक्यांच्या व्याख्येत 'कोसला'ला कथानकच नाही. पण पांडुरंग सांगवीकरचा आवाज पहिल्या पानापासून कानाला धरून नेतो. म्हणजे फिरून गोष्ट यमूपाशीच आली की नाही? आवाज सापडला की बाकीचं माफ होतं.

'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं. दिवाळी अंक अजून निघतात, काही नियतकालिकं तग धरून आहेत. पण कथा वाचून दोन ओळी लिहिणारा माणूस दुर्मिळ झाला. आणि ती रिकामी जागा बघून दुसरंच कुणीतरी तिथे येऊन बसलं आहे. त्याबद्दल आता लिहिते, कारण खरं तर त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

माझ्या भाचीने कादंबरी लिहिली आहे. वसतिगृहातल्या चार मुलींची. नोकरी करून, लोकलमध्ये नाही तर कंपनीच्या बसमध्ये फोनवर टाइप करून लिहिली आहे, आणि चांगली दोनशे चाळीस पानं झाली आहेत. तिला एका प्रकाशन संस्थेकडून प्रस्ताव आला. तीनशे प्रती, मुखपृष्ठ, प्रकाशन समारंभ, सन्मानपत्र, सगळं मिळून पासष्ट हजार रुपये, तेही लेखिकेने भरायचे. "आत्या, त्यांना खूप आवडली आहे," म्हणाली. मुदत ठेव मोडायची तयारी होती. मी तो प्रस्ताव नीट वाचला. तीन पानं होती. त्यात समारंभातल्या हारांचा उल्लेख होता, संपादन हा शब्द कुठेही नव्हता. कादंबरी कुणी वाचली आहे याचीही खूण नव्हती. चार मुलींपैकी एकीचंही नाव पत्रात नव्हतं!

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणं यात कमीपणा काही नाही. हरिभाऊंनी 'करमणूक' स्वतःच तर काढलं होतं. पण त्यांना दर आठवड्याला वाचकाला तोंड द्यावं लागत होतं. इथे पैसे भरले की सगळ्यांचंच काम संपतं, आणि तीनशे प्रती पलंगाखाली जातात.

तेव्हा भाचीला जे सांगितलं तेच इथे लिहिते, आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

कादंबरी लिहून झाली की ती महिनाभर बाजूला ठेव. मग दोन माणसांना वाचायला दे. घरचा माणूस नको, आणि "छान आहे" म्हणणारी मैत्रीण तर अजिबात नको. त्यांना एवढंच विचार, कुठे कंटाळा आला आणि कुठे विश्वास बसला नाही. ते सांगतील ते ऐकून घे, वाद घालू नको.

त्यातलं एखादं प्रकरण संपूर्ण गोष्ट म्हणून उभं राहतं का बघ आणि दिवाळी अंकाला पाठव. दिवाळी अंक उन्हाळ्यातच आकार घ्यायला लागतात, गणपतीत पाठवून उपयोग नाही. ज्या अंकाला पाठवायचं त्याचे मागचे दोन अंक विकत घेऊन वाच. युनिकोडमध्ये स्वच्छ टाइप करून पाठव, शुद्धलेखन तपासून. एका वेळी एकाच ठिकाणी. वाट बघताना दुसरी गोष्ट लिहायला घे.

प्रकाशकाकडून होकार आला तर आधी विचार की हस्तलिखितावर कोण काम करणार. त्या माणसाशी एकदा बोल. तो तुझ्या पात्रांची नावं घेऊन बोलतो का, एवढ्यावरून पुष्कळ कळतं.

करार लेखी हवा आणि सही करण्याआधी तो वाचायला हवा. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि तो लेखकाच्या बाजूने बराच समजूतदार आहे. लिहिताक्षणी हक्क लेखकाचा, नोंदणी केली नाही तरी. लेखकाच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं तो टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच देता येतात. किती मुदतीसाठी दिले ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरते. घेतलेले हक्क वर्षभरात वापरलेच नाहीत तर ते संपतात, मात्र करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. म्हणून 'सर्व हक्क कायमचे' अशी ओळ दिसली की थांबायचं. भाषांतर, चित्रपट, ध्वनिपुस्तक यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्यायचे.

स्वतः छापायचं ठरलंच तर आयएसबीएन क्रमांकासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नको. तो सरकारच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना आहे, तिचे नियम आधी बघ. तिथे निदान हस्तलिखित वाचून निर्णय घेतात.

भाचीने अजून काही ठरवलेलं नाही. ठेव मात्र तूर्तास मोडलेली नाही, एवढं वहिनींच्या माहितीसाठी.

जाता जाता एक विनंती, आणि ती लिहिणाऱ्यांपेक्षा वाचणाऱ्यांना जास्त आहे. आपल्यातले बरेचजण लिहितात, एकमेकांचं वाचतात, आणि खाली "मस्त", "आवडलं" असं लिहून पुढे जातात. मीही तेच करते. पुढच्या वेळी कुणाची गोष्ट वाचलीत तर दोनच ओळी जास्त लिहा. कुठे थांबलात, कुठे पुढे ढकलत नेलंत, कुठलं पान नसतं तरी चाललं असतं. समोरचा आधी रुसेल. मग बहुधा ती ओळ कुठेतरी जपून ठेवेल. मासिकं बंद पडली म्हणून ते काम बंद पडायला हवं असं कुठे आहे?

या लेखाचीही पहिली दोन पानं नको होती असं वाटत असेल तर तसं जरूर लिहा.